उपाशी धुकं

३ फेब्रुवारी

आज लेकीने विचारलं आणि मी शिवणमशीनच्या पायडलवरून पाय काढायलाच विसरले. टीप कापडाची कड सोडून हवेत गेली.

"आई, या महिनाअखेर माझी रजा संपते. दुकानात रुजू व्हायचंय. बटणला दिवसा तुझ्याकडे ठेवू का?"

लेक चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. जावई जहाजावर, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. बटण म्हणजे नात. जन्मली तेव्हा ओव्हरकोटाच्या बटणाएवढी होती, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. आता आठ महिन्यांची आहे, खालचे दोन दात आलेत, पण ह्यांनी लावलेलं बटण काही तुटलं नाही.

मी म्हटलं, "ठेवू का काय? मी काय पाळणाघर आहे, अर्ज भरून घ्यायला?"

"तसं नाही गं. तुझी शुगर, तुझी इंजेक्शनं. झेपेल ना?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून झेपवतेय."

हे खिडकीत बसून दाढी करत होते. फेसातून म्हणाले, "तिला सगळं झेपतं. एक मीच काय तो जड गेलो."

ती गेल्यावर मऊ कापडाचे तुकडे काढले. बटणला फ्रॉक करायचा, छातीवर स्मॉकिंगचा. होस्टेलमध्ये शिवणाच्या सिस्टरांनी शिकवलं होतं, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारख्या एकसारख्या चुण्या. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्याच वर्षी माझी आई गेली. तार उशिरा पोचली, आणि मी घरी गेले तोवर सगळं आवरून झालेलं. तिची खुर्चीसुद्धा कुणीतरी नेली होती. ते आज का आठवावं? लहान मूल मांडीवर येणार म्हटल्यावर मांडी आपोआप तयार होते, तसं मनही मागेपुढे सरकत असेल.

९ फेब्रुवारी

आमच्या कॉन्व्हेंटच्या जेवणघरात नियम होता. शेवटची मुलगी जागेवर बसेपर्यंत कुणी चमचा उचलायचा नाही. पुढ्यातलं गार होवो, पोटात कावळे ओरडोत. मी तो अजून पाळते. हे हसतात, "म्हणजे या घरातली शेवटची मुलगी मी का?"

आणखी एक गोष्ट मला कधी जमली नाही, ती म्हणजे चारचौघांत सुई काढणं. जेवायच्या मेजाशी बसून पोटाला इंजेक्शन टोचणारी माणसं मी पाहिली आहेत. मला ते नाक शिंकरण्यासारखं वाटतं. म्हणून मी आधी आतल्या खोलीत जाते, दार लोटते, इन्शुलिन घेते, पेन खणात ठेवते, हात धुते. मग बाहेर येऊन मेजाशी बसते आणि ह्यांची वाट पाहते. हे पाव आणायला खाली गेलेले असतात. एक पाव आणायला किती वेळ लागावा? पण ह्यांनी जन्मभर नाटकाच्या थिएटरात दिवे सांभाळले. माणसं बोलत होती, हे अंधारात गप्प होते. आता जिन्यात प्रत्येक मजल्यावर एकेक प्रवेश करून वर येतात.

त्या वाट पाहण्यात हल्ली काहीतरी गोड होतं. आधी सूपच्या वाफेला सोनेरी कड येते. मग चमच्यांच्या टोकांवर उजेडाचे थेंब जमतात. रस्त्यावरचे आवाज कुणीतरी लोकरीत गुंडाळून ठेवल्यासारखे लांब जातात. मला काही नको असतं. मग समोरच्या खुर्चीवर आई बसलेली असते.

हो, माझी आई. केस धुऊन पाठीवर मोकळे सोडलेली. बोलत नाही. माझ्याकडे पाहून हसते.

आज हे आले, पाव ठेवला, म्हणाले, "समाधी लागली का बाईसाहेब?" आम्ही जेवलो. दहा-बारा घास पोटात गेल्यावर खोली परत साधी झाली, आणि खुर्चीवर नुसता ह्यांचा स्वेटर होता.

वय झालं की गेलेली माणसं थोडी जवळ येत असावीत. कुणाला सांगितलं नाही. अशी गोष्ट बोलली की उडून जाते.

१२ फेब्रुवारी

गिऱ्हाईकाचा शर्ट परत आला. बाह्या आखूड करायला दिला होता. मी बाह्या आखूड केल्या होत्या, आणि मग दोन्ही मनगटं शिवून बंद करून टाकली होती! तीही इतक्या बारीक टाक्यांनी की सिस्टरांनी पाठ थोपटली असती.

हे म्हणाले, "बरोबर आहे. हात बाहेरच आला नाही तर माणूस खिशात घालणार कसा? शिंप्याचे पैसे वाचले म्हणेल."

मी उसवत बसले. टाके माझेच, पण कधी घातले ते आठवेना. दुपारी जेवणाआधी तो शर्ट मांडीवर होता, एवढं आठवतं. आणि आई होती. मनात म्हटलं, बिचारीला माझे हात मिटून घ्यायचे असतील.

१७ फेब्रुवारी

सूप मेजावर. हे खाली. आई आलीय म्हणून लिहून ठेवते, ती आज निळ्यात आहे. निळ्याला काज करायचं राहिलं. खिडकीला काज केलं की उजेड अडकवता येईल, मग तो संध्याकाळी सुटून जाणार नाही, कसं कुणाच्या लक्षात आलं नाही इतके दिवस. केसांतून पाणी टपटप सूपमध्ये पडतंय तरी सूप वाढत नाही. किती छान. किती छान आहे सगळं. शेवटची मुलगी अजून यायचीय. ती आली की चमचे उचलायचे. शेवटची मुलगी मी. मी अजून आले नाही. शेवटची मु

२१ फेब्रुवारी

मला राग आलाय. तसंच लिहिते.

आज रंगीत तालीम होती. लेक म्हणाली, मी दिवसभर इथेच थांबते पण हात लावणार नाही, बटणला तूच सांभाळ. सकाळ फार सुरेख गेली. बटणने केळं खाल्लं, निम्मं माझ्या कानात घातलं. दुपारी लेक म्हणाली, मी अंघोळ करून येते, बाबा पाव घेऊन आले की सगळे बसू. मी इन्शुलिन घेतलं. वाट पाहू लागले.

आणि मग तो सोनेरी उजेड आला, आजवर आला नव्हता इतका. कापड कापायचं मेज त्यात न्हाऊन निघालं. फ्रॉकचं माप घ्यायचं राहिलंय हे मला आठवलं. टेप कशाला शोधायची? मूल समोर आहे. मी बटणला मेजावर, त्या पिवळ्या कापडावर निजवलं. ती शहाण्यासारखी निजली, छताकडे पाहत राहिली. मी खडूने तिच्याभोवती रेघ ओढली. डोक्यावरून, खांद्यावरून, काखेतून, पायांमधून. आई मेजाच्या पलीकडे उभी होती, कापडाची कड तिने धरली होती. आम्ही तिघी काम करत होतो. इतकी एकसंध रेघ माझ्या हातून कधी आली नव्हती. आता फक्त रेघेवरून कापायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात लेक किंचाळली.

तिने मला ढकललं. माझ्या मुलीने! ओल्या अंगाने, टॉवेलमध्ये. कात्री खाली पडली. बटण रडायला लागली, मग मला खाली बसवलं, ओठांत काहीतरी कोंबलं, हिरड्यांना साखर चोळली. मी तिचा हात झटकत होते म्हणे. "आई, गीळ. गीळ, आई. आई, माझ्याकडे बघ." बोट टोचलं. साखरेचं यंत्र म्हणालं बेचाळीस. हे दारात पाव घेऊन उभे, तसेच.

मी इतकी वर्षं कात्री चालवतेय, कुणाला ओरखडा आला नाही. माझ्या बटणला मी काही केलं असतं?

पिवळं कापड अजून मेजावर आहे. त्याच्यावर एक छोटं माणूस आखलेलं आहे.

लेक बटणला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "डॉक्टरची वेळ घेते." आणि जिन्यात थांबून, माझ्याकडे न बघता, "मार्चचं काही धरून चालू नकोस."

२२ फेब्रुवारी

रेघेची एक बाजू काखेत इतकी आत गेलीय की तिथून कात्री फिरवायची तर बोटभरसुद्धा जागा नाही.

कापड धुवायला टाकलं.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर नवीन आहे, लेकीच्या वयाची. आधीचे निवृत्त झाले. आम्ही तिघं समोर बसलो, मी मधे, पकडून आणल्यासारखी.

"काकू, त्या वेळी कसं वाटत होतं?"

"छान."

"हात थरथरले? दरदरून घाम? छातीत धडधड? भूक? उगाचच भीती?"

"नाही हो. उलट अगदी शांत."

तिने लिहिणं थांबवलं. "तेच वाईट आहे."

मग तिने जे सांगितलं ते जमेल तसं उतरवते, कारण मला ते पुन्हा वाचावं लागणार आहे. मेंदू आपल्या अंगात वजनाने चिमूटभर, पण खातो मात्र पाचातला एक वाटा. आणि साठवून ठेवायला त्याच्याकडे कोठार जवळजवळ नाहीच. "हातावर पोट आहे त्याचं," डॉक्टर म्हणाली. "रक्तातून साखर येत राहिली तरच चूल पेटते." म्हणून त्याच्या तळाशी काही पेशी बसलेल्या असतात, त्यांचं काम एकच, रक्तातली साखर सतत चाखत राहायचं. कमी पडली की त्या ओरड करतात. हात कापवतात, घाम फोडतात, छाती धडधडवतात. यकृताला निरोप जातो, तुझ्याकडे साठवलेली आहे ती काढ. माणसाला भीती वाटते, ते काहीतरी तोंडात टाकतं, वाचतं.

"मग माझ्या पेशी मेल्या?"

"मेल्या नाहीत, सवयीच्या झाल्या. रोज अळणी जेवणाऱ्याला तेच बरोबर लागायला लागतं ना? तुमची साखर वारंवार खाली जातेय. पेशी म्हणतात, या घरात असंच असतं. ओरडायच्या थांबल्या. मग ओरड न होताच वरचा मेंदू उपाशी पडतो, ज्याने आपण विचार करतो तो. माणसाला भलतंच दिसतं, भलतंच सुचतं. आणि काही जणांना छान वाटतं."

हे म्हणाले, "म्हणजे व्होल्टेज उतरत चाललं, दिवे पिवळे झाले, आणि लोकांना वाटलं, वा, काय संध्याकाळ उभी केलीय!"

डॉक्टर हसली. लेक नाही हसली.

"इंजेक्शन आणि जेवण, मधे किती वेळ जातो?"

मी सांगितलं. खरं ते सांगितलं. आतली खोली, लोटलेलं दार, मेज, वाट पाहणं.

"आई!" लेक खुर्चीत वळली. "इन्शुलिन टोचून तू बाबांसाठी थांबतेस?"

"मग काय एकटी जेवू? माणूस यायचं असताना?"

"सिस्टरांनी सांगितलं होतं की काय, मरेपर्यंत थांबा म्हणून?"

"सिस्टरांना मधे आणू नकोस."

ह्यांनी टोपी हातात घेतली होती, ती उलटीसुलटी करत राहिले.

उपाय एकच. काही आठवडे साखर एकदाही सत्तरच्या खाली जाऊ द्यायची नाही. थोडी वर राहिली तरी चालेल. डोस कमी केला, बोट टोचण्याच्या वेळा वाढवल्या, इंजेक्शन मेजाशी आणि घास लगेच. असं केलं की पेशींना चव परत येते. सगळ्यांना येतेच असं नाही, पण बऱ्याच जणांना येते, थोडीफार.

"आणि आली की बटण माझ्याकडे?" मी विचारलं. डॉक्टरला नाही, लेकीला.

लेक म्हणाली, "मी कात्री पाहिलीय, आई."

आईबद्दल मी त्या खोलीत एक शब्द काढला नाही. तिला कुठल्या पेशीत बसवणार?

२७ फेब्रुवारी

आता मेजाशी सुई. हे मुद्दाम खिडकीबाहेर बघतात, जणू मी कपडे बदलतेय.

पाव सकाळीच आणून ठेवतात. तरी आज काहीतरी संपलं म्हणून खाली गेले, आणि जाताना दरडावून गेले, "मी असलो नसलो, तू सुरू कर." मी इंजेक्शन घेतलं. समोर बशी. रिकामी खुर्ची. चमचा उचलला तर मागून कुणीतरी नाव पुकारेल असं वाटलं. अकरा वर्षांची असल्यासारखा मानेवर काटा आला. खाल्लं. चव लागली नाही. हे आले तेव्हा माझी बशी निम्मी झाली होती आणि मी रडत होते, वेड्यासारखी, भातात.

हे समोर बसले. पाव कुसकरत राहिले.

"मला दिसायचं," म्हणाले. "मी दारात आलो की तू हसत असायचीस. इतकं गोड हसायचीस. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तसं पाहिलं नव्हतं."

"मग?"

"मला वाटायचं, मी आलो म्हणून हसतेस. म्हणून जिन्यात जरा आणखी रेंगाळायचो."

मी त्यांच्या बशीत भात वाढला.

२ मार्च

बटण आजपासून पाळणाघरात. लेकीने फोटो पाठवला. ओळीने पाच खुर्च्या, पाच लाळेरी, त्यातलं तिसरं मी शिवलेलं. ती फोटोत रडत नाहीये. रडत असती तर मला बरं वाटलं असतं, असं लिहिताना लाज वाटते. पण खोटं कुणासाठी लिहायचं?

साखर वर आहे, डॉक्टरला हवी तशी. डोकं लख्ख आहे. मेज हे मेज आहे, खिडकी ही खिडकी. चमच्यांच्या टोकांवर काहीही जमत नाही. इतकी नुसती खोली मी फार दिवसांत पाहिली नव्हती. समोरच्या भिंतीवर ओल आलीय, ती कधीपासून असेल?

आई आली नाही. येणारच नाही आता, हे मला कळतं. ती एकदा गेली तेव्हा मला कुणी वेळेवर कळवलं नव्हतं. या वेळी मीच तिला घालवतेय, दिवसातून इतक्यांदा बोट टोचून.

९ मार्च

हे नीट लिहायला हवं.

हे त्यांच्या जुन्या थिएटरात गेले होते, नवे दिवे बसवतायत ते बघायला. परत यायला संध्याकाळ झाली असती. लेक दुकानात. मी मेजाशी इंजेक्शन घेतलं. वाफाळतं सूप समोर ठेवलं. आणि चमचा बशीत पालथा ठेवला.

एकदाच. डॉक्टर म्हणाली होती एकदाही नाही, पण तिची आई जिवंत आहे, बाहेर तिला न्यायला आली होती. मला फक्त नीट निरोप घ्यायचा होता. ही वही बाजूला ठेवली. हात मांडीत ठेवून बसले, चर्चमध्ये बसावं तशी.

सूपची वाफ कमी झाली. कड यायची वाट पाहत होते. वाट पाहता पाहता मी आईला मनातल्या मनात तयार करू लागले, म्हणजे ती आली की ओळख लगेच पटावी. केस मोकळे. हसरा चेहरा. निळं. आणि मग खरी आई आठवली, म्हणजे न बोलावता आठवली. होस्टेलवर पाठवायच्या दिवशीची. ट्रंक दारात, बाहेर गाडी खोळंबलेली, बाबा हाका मारतायत, आणि ही वेणी घट्ट आवळलेली, कपाळाला आठी, दुधाचा पेला माझ्या दातांवर आदळतेय. "रिकाम्या पोटी उंबरा ओलांडायचा नाही. गाडी जाऊ दे. पी. सगळं पी. तळाची साखर कोण पिणार, मांजर?" दूध इतकं गरम की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वाट्याला आलेलं तिचं शेवटचं बोलणं ते.

ती आई. जी मी जेवले नाही तर शाळा बुडवायला तयार होती.

आणि ही? इतक्या दुपारी माझ्यासमोर बसली. माझ्यासमोर सूप गार होत होतं. मी उपाशी आहे हे तिला दिसत होतं. कधी एकदा म्हणाली का, जेव म्हणून? हसत बसली. त्या दिवशी कापडाची कड धरून उभी राहिली, पलीकडे मूल आणि माझ्या हातात कात्री, तरी हसत.

मला एकदम थंड वाटलं. साखरेमुळे नव्हे, मी लगेच टोचून पाहिलं, अजून बरी होती.

सूप गारच प्यायले. पाव खाल्ला. मग तळाला साखर घालून दूध घेतलं. डॉक्टरला आवडलं नसतं.

संध्याकाळी हे आले. नवे दिवे थंड आणि पांढरे आहेत म्हणाले, माणसं मुडद्यासारखी दिसतात. "पण दिसतात मात्र स्पष्ट."

२० मार्च

डॉक्टरने आकडे पाहिले, म्हणाली, "शाबास काकू." कुठे खाली गेलेली नाही. पेशींचं काय, ते आकड्यात दिसत नाही. एखाद्या दिवशी साखर जरा उतरेल तेव्हाच कळेल त्या ओरडतात की नाही. म्हणजे मला बरं वाटलं की नाही हे कळायला आधी वाईट वाटायला हवं.

लेक रविवारी बटणला घेऊन येते. मला मांडीवर देते, पण स्वतः समोर बसते, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, धावण्याच्या शर्यतीत उभं राहतात तसं. मी तिच्या जागी असते तर मांडीवरही दिलं नसतं.

बटण रांगायला लागली आहे. मागे मागे रांगते. हवं ते समोर असतं आणि ही त्याच्यापासून लांब जाते, आणि चिडते.

६ एप्रिल

आज लेकीला सुट्टी होती, तिच्याकडे गेलो होतो. जेवणाआधी बागेत चक्कर मारू म्हणाली. चक्कर लांबली. बटणला बदकं सोडवेनात, ह्यांना बदकांच्या राखणदाराला सोडवेना. परत आलो. हे खालीच कुणाशी तरी बोलत राहिले. लेक आत जेवण गरम करत होती. मी बैठकीत, बटण माझ्या मांडीवर, माझी बोटं चावत.

आणि मला वाटलं, कुणीतरी मेलं.

दुसऱ्या कशानेही सांगता येत नाही. बातमी यायच्या आधी घरात जसं होतं तसं. छातीत कुणीतरी दार बडवायला लागलं. मान ओली झाली, पाठीवरून घामाचा ओघळ गेला. बटणच्या तोंडातली माझी बोटं थरथरायला लागली, तिला ती गंमत वाटली, ती हसली. मला पळायचं होतं. कुठे ते माहीत नव्हतं. खोली होती तशीच होती, उजेड साधा, पडद्यावर डाग, कुठे काही सोनेरी नाही. नुसती घाणेरडी, उघडी भीती.

"हिला घे," मी ओरडले.

लेक बाहेर आली. "काय झालं? ओली झाली का?"

"आधी हिला घे. मला भीती वाटतेय."

तिने बटणला एका हाताने उचललं, दुसऱ्याने माझ्या पर्समधून यंत्र काढून माझ्या पुढ्यात टाकलं. पट्टी लावता येईना इतके हात हलत होते, तिने लावली. सदुसष्ट.

"सदुसष्ट," ती म्हणाली. मग पुन्हा, हळू, "सदुसष्टलाच? आई, कशाची भीती वाटतेय तुला?"

"कशाचीच नाही. नुसती."

तिने साखरेचे चौकोनी तुकडे बशीतसुद्धा न घालता माझ्या तळहातावर ओतले. मी खात होते, घाम पुसत होते, आणि ती बटणला कडेवर घेऊन माझ्याकडे बघत होती, दुकानात लोकांच्या डोळ्यांत बघते तशी, जवळून, एका डोळ्यातून दुसऱ्यात. मग तिचा चेहरा सुटला. ती हसायला लागली की रडायला, मला सांगता येणार नाही. "घाबरलीस," म्हणाली. "घाबरलीस गं, बाई माझी."

आई आली नव्हती. आली का ते मी पाहिलंही नव्हतं.

थोड्या वेळाने पुन्हा टोचलं, साखर वर आली होती. छातीतलं दार हळूहळू बंद झालं. हे आले, तिघींना बघून दारातच थबकले. "कुठला अंक चाललाय?"

"बसा तुम्ही," लेक म्हणाली.

ती समोरच्या खुर्चीशी गेली, पण बसली नाही. परत आली, बटणला माझ्या मांडीवर ठेवलं, आणि ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून तिचा आवाज आला.

"आधी अर्धा दिवस. बाबा घरी असतील तेव्हाच. आणि जेवण आधी तुझं, मग जगाचं. सोमवारी सकाळी आणून सोडू?"

मी हो म्हणाले. तोंड साखरेने भरलेलं होतं, त्यामुळे तिला काय ऐकू गेलं कोण जाणे. ह्यांनी आतल्या बाजूला तोंड करून मोठ्याने सांगितलं, "हो म्हणतेय."